रेशनकार्डावरचं तिसरं नाव

६ जुलै, रवि.
मतदारयादीवाल्या बाईंचा फोन. माझा अर्ज पोचलाय: नाव बदल, आणि ‘पुरुष’च्या जागी ‘तृतीयपंथी’. शनिवारी पडताळणीला नाहूरच्या घरी येणार. "घरच्या कुणीतरी ओळख सांगायला हवी हं. जुनं रेशनकार्ड असेल तर काढून ठेवा."
घरचं कुणीतरी म्हणजे आई. बाबा गेले, मी गोरेगाव सोडून परत आले, त्याला वर्ष झालं. वर्षभरात तिने एकदाही नावाने हाक मारलेली नाही. जु. ना. ओठावर येतं, गिळते. (जुनं नाव पूर्ण लिहायचं नाही असं ठरवलंय.) नवं तर घेतच नाही. "ए, जेवतेस का?" एवढंच. तिला माझी लाज वाटते, असं धरून चालले होते.
गेल्या मतदानाला बूथवर जु. ना. मोठ्याने वाचलं. अख्खी रांग वळून बघायला लागली. शाई न लावताच घरी आले. पुन्हा ते नको.

७ जुलै, सोम.
रेशनकार्ड आईच्या पेटीत, साड्यांखाली. पहिलं नाव बाबा. दुसरं आई. तिसरं: सुजाता, मुलगी, वय २. वर लाल रेघ, बाजूला ‘मयत’. चौथं माझं, जु. ना.
सुजाता. माझ्या नावबदलाच्या राजपत्रात, आधारवर, सहीत आहे तेच. मी स्वतः निवडलेलं.
आधी एक बहीण होती हे मला कुणी कधी सांगितलं नाही. कार्ड होतं तसं ठेवून दिलं.

८ जुलै
मालिकेच्या सेटवर हिरॉइनचे केस विंचरताना दोनदा पिन टोचली, शिव्या खाल्ल्या. डोक्यात एकच: हे नाव मला सुचलं कुठून?
नगमाला, गोरेगावच्या रूममेटला, फोन केला. "अगं यार, दुसरं घे ना नाव. हाय काय नाय काय!" दुसरं म्हणजे पुन्हा प्रतिज्ञापत्र, पुन्हा राजपत्र. आणि खरं म्हणजे मला दुसरं नकोच आहे. हेच माझं आहे. तरी चोरी पकडल्यासारखं वाटतंय.

९ जुलै, बुध.
आईला विचारलंच. मेथी निवडत होती, मान वर केली नाही.
"देवनारला होतो तेव्हा. ताप आला, दोन दिवसांत गेली."
मला का नाही सांगितलंस?
"तू पोटात होतीस. मी दारात उभी राहून तिला हाका मारायचे. गेलीय ते माहीत असून. बाबा चिडायचे."
म्हणजे तिथून. जन्मायच्या आधीच ऐकलं असणार मी.
मग म्हणाली, "ते नाव रिकामं नव्हतं गं. विचारायचंस तरी. आता त्या बाईला काय सांगू? सुजाता गेली. मी खोटं नाही बोलणार."
शनिवारी हेच बोलली तर अर्ज संपला. बूथवर परत जु. ना.

११ जुलै, शुक्र.
घरात जपून चालते. कुणीतरी लहान पायात येईल असं वाटतं. वेडेपणा आहे, कळतंय. भीती वाटते तरी.
संध्याकाळी आई कार्ड घेऊन बसलेली. चौथ्या नावावर बोट ठेवून, "हे पण लाल रेघेनं खोडणार?"
आता सगळं कॉम्प्युटरवर असतं, रेघ नसते, म्हटलं.
"मग एक मुलगा होता म्हणून कळणार कसं?"


१२ जुलै, शनि.
बाई अकराला आल्या. मी आत चहा टाकत होते. दारातूनच, "सुजाता कोण?"
आईने हातातलं कार्ड उलटसुलट केलं. मी गॅस बंद केला.
"माझी मुलगी."
"घरात आहेत का? बोलवा ना."
आईने हाक मारली. "सुजाऽऽ". मला आतून ती दिसत होती. माझ्या दिशेला बघत नव्हती. खाली बघत होती, दोन वर्षांच्या पोरीचं तोंड येईल तिथे. हात थोडे पुढे.
मी ओ दिली.
बाईंनी माझ्याकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं, आईची सही घेतली. चहा नको म्हणाल्या.

२ ऑगस्ट, शनि.
मेसेज आला, अर्ज मंजूर. आईला वाचून दाखवला. "बरं झालं," म्हणाली आणि कपडे घड्या करायला लागली. त्या दिवसानंतर तिने हाक मारलेली नव्हती.
आज दुपारी मारली. मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते, आणि तिने दाराकडे तोंड करून हाक मारली. लगेच ओ दिली नाही मी. आधी दुसरं कुणी देतंय का, ते ऐकत बसले.