एप्रन घालून गाडीत

प्रिय बहीण असुन्ता,

आपली दोनाता पास झाली. ड्रायव्हर झाली गं पोरगी, आमच्या याच फाट्याच्या लाइनवर. माझ्या विटोनं एकतीस वर्षं जिथं खडी ओतली, त्याच रुळांवरून आता त्याची नात गाडी नेणार. बेकरीवाल्याला मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तर म्हणतो, "फिलोमिनाबाई, पाव घ्या आणि मलाही काम करू द्या."

आता नीट वाच. आमचं स्टेशन म्हणजे एक फलाट, एक छप्पर न् एक बाक. त्या बाकाला विटोनं न विचारता हिरवा रंग फासला होता, तेव्हा साहेब किती चिडला... ते राहू दे. इथं गाडी आपणहून थांबत नाही. फलाटावर माणूस दिसलं तरच थांबते. नुसतं बघायचं असेल तर कुंपणाबाहेर राहायचं, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. परीक्षेच्या दिवशी मीही कुंपणाबाहेरच होते, देवाशपथ. अंगात एप्रन, हात पिठाचे. पण वळणावर गाडी दिसली, काचेमागे ती, डोक्यावर टोपी, शेजारी वही घेतलेला परीक्षक. माझे पाय फाटकातून आत कधी गेले, कळलंच नाही. हात वर केला तो आशीर्वादाला, पण इथं तो गाडी थांबवायचा इशारा.

गाडी थांबली. लोण्यात सुरी जावी तशी. पोरीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नजर समोर. कंडक्टर मारेकनं दार उघडून हळूच विचारलं, "आजी, कुठं जायचंय?" कुठंच नाही म्हणाले असते, तर परीक्षक लिहिणार, पोरीनं आजीसाठी गाडी थांबवली. मी म्हटलं, "शेवटच्या स्टेशनला," आणि चढले. पायात घरातल्या चपला, जवळ दमडी नाही. तिकीट मारेकनंच काढलं.

शेवटी उतरले, तेव्हा खिडकीतून ती म्हणाली, "बाई, पायरी जपून." आजी नाही, बाई. परीक्षक शेजारी होता ना. एवढा मान मला उभ्या जन्मात कुणी दिला नव्हता गं. आणि सगळ्यांत जास्त गुण मिळाले ते त्या थांबण्यालाच, एकही धक्का नाही म्हणून.

घरी आल्यावर मात्र विचारते कशी, "आजी, खरं सांग, कुठं निघाली होतीस? मला बघायला आली असशील, तर ते गुण माझे नाहीत." अगदी विटोचा स्वभाव. मी म्हटलं, असुन्तानं शेवटच्या स्टेशनजवळच्या दुकानातली लोकर मागवलीय, ती आणायला. एप्रनात? म्हणाली. घाईत, म्हटलं.

म्हणून हे पत्र. रविवारी ती तुला फोन करील. माझं तिला खरं वाटत नाही, तुझं वाटेल. लहानपणापासून तू कधी खोटं बोलली नाहीस, त्यापायी मी किती मार खाल्लाय. एकदा माझ्यासाठी खोटं बोल, आणि ठासून बोल. पोरीचं ते थांबणं फुकट गेलं, असं तिला कधी वाटता कामा नये. मन खात असेल, तर लोकर खरंच मागव. पुढच्या गुरुवारी तिचीच पाळी आहे, मी फलाटावर रीतसर उभी राहीन. जाड हवी की बारीक, तेवढं कळव.

तुझीच,
फिलोमिना