हमूरचा ठावठिकाणा

शुक्रवार, ६ जून. ईदची सुट्टी.
मोहीम सुरू. मैथिली ६ ऑगस्टला कॉलेजसाठी पुण्याला जाणार. त्याआधी तिच्या हातून एक हमूर, म्हणजे इथल्या समुद्रातला मानाचा मोठा मासा, पकडवायचा. ती आठ वर्षांची असताना तसा शब्द दिला होता, गुलाबी रॉडही आणला होता. मधली दहा वर्षं प्रोजेक्टमध्ये गेली, त्याला मी काय करणार? दोन महिने भरपूर झाले. प्लॅनिंग इंजिनिअर उगाच नाही झालो.
पद्धत ठरली. आधी मासा लोकेट करायचा, मगच मुलीला न्यायचं. तिच्यासमोर रिकाम्या हाताने परत येणं आपल्याला जमणार नाही.

शनिवार, ७ जून
ऑनलाइन कोर्स घेतला. अमेरिकन माणूस आहे, टोपी घालून बोलतो. विषय: मोठ्या सरोवरात उन्हाळ्यात स्मॉलमाउथ बास कसा शोधावा. धडे बारा. शुभदा म्हणाली, ओमानमध्ये बास कुठे असतो? बायकोच्या लक्षात मुद्दा आलेला नाही. बास खडकाळ तळाशी राहतो. हमूरही खडकाळ तळाशी राहतो. आणि समुद्र म्हणजे मोठं सरोवरच, मीठ तेवढं जास्त.

बुधवार, ११ जून
बाबामियाँच्या दुकानात गेलो. मूळचे रत्नागिरीचे, इथे अल् घुब्राला बीचच्या रस्त्यावर गळ, दोरा, बादल्या विकतात. म्हणाले, इंजिनिअरसाहेब, कशाला एवढा व्याप, गुरुवारी ऊन उतरल्यावर पोरीला घेऊन समोरच्या दगडी बांधावर येऊन बसा. ऐकून घेतलं. माणूस भला आहे, पण डेटा शून्य. वर म्हणे, तुमच्या पुण्यात समुद्र कुठे आहे. खडकवासल्याला मी लहानपणी काय कपडे धुवायला जात होतो?

शुक्रवार, १३ जून
फिश-फाइंडर आला. बिल्डिंगच्या स्विमिंग पूलमध्ये चाचणी घेतली. दोन फुटांवर मोठा मासा दाखवला. वरच्या मजल्यावरचा कौशिक पाण्यात पाय सोडून बसला होता. म्हणजे यंत्र चोख आहे. त्याला म्हटलं जरा हलू नकोस, तर उठूनच गेला. लोकांना विज्ञानाची कदर नाही.

गुरुवार, १९ जून
संध्याकाळी मैथिलीने विचारलं, आई आणि मी बीचवर चाललोय, बाबा तू येतोस का? म्हटलं, फिरायला वेळ नाही, तुझंच काम करतोय. धडा दुसरा, थर्मोक्लाइन. गरम पाणी वर, गार पाणी खाली, मधल्या सीमेवर मासा. चार पानं नोट्स काढल्या.

शुक्रवार, २० जून
जेवायला तळलेली शेरी. इथला साधाच मासा. ताजी होती, पण शेवटी विकतची. तसं बोलून दाखवलं. शुभदा मैथिलीकडे बघून हसली. दोघींचं काय चालतं देव जाणे.

शुक्रवार, ४ जुलै
बोट केली. परवाना रीतसर काढलेला, आपण नियमाने चालतो. नकाशावर एकोणीस जागा. तिसऱ्या जागेवर ओमानी नाखवा पाण्याकडे बघून म्हणाला, माफी समक. म्हणजे मासा नाही. यंत्राशिवाय त्याला कसं समजलं हा प्रश्नच आहे. चौथ्या जागेवर मला उलटी झाली. पाचव्यावरही. सर्व्हे स्थगित. कारण सकाळचा उपमा. समुद्राचा संबंध नाही.
घरी मैथिलीने लिंबूसरबत करून दिलं. म्हणाली, इट्स ओके बाबा, हमूर नसला तरी चालेल, कुठलाही फिश चालेल. म्हटलं, या घरात तडजोड चालणार नाही. ती रिकामा ग्लास उचलून आत गेली. प्रभावित झाली असावी.

गुरुवार, १० जुलै
चव्वेचाळीस डिग्री. माझा जुना रॉड जागेवर नाही. गुलाबीही नाही. शुभदाला फोन केला, मागे लाटांचा आवाज. दोन्ही आमच्याकडे आहेत म्हणाली, तू येतोयस का? म्हटलं, त्या काठीला काय लागणार आहे? नवा कार्बनचा रॉड कपाटात सुरक्षित आहे. अजून खोक्यातून काढलेला नाही. योग्य वेळी काढू.

शनिवार, १९ जुलै
एक्सेल शीट तेरा रकान्यांची झाली. कोर्सचा सहावा धडा चालू. गळाला बांधायचं शिसं घ्यायला बाबामियाँकडे गेलो. म्हणाले, मैथिलीचा हात चांगला आहे. कशात, ते विचारायला वेळ नव्हता.
मैथिली उन्हाने काळवंडली आहे. सनस्क्रीन लाव म्हणून सांगितलं. बापाने लक्ष ठेवावंच लागतं.

शुक्रवार, १ ऑगस्ट
शेवटचा शुक्रवार. समुद्र खवळलेला. नाखवाने बोट काढायला नकार दिला. माझ्या शीटप्रमाणे आज अठ्ठ्याहत्तर टक्के शक्यता होती. त्याला शीट दाखवली. त्याने चहा पाजला.
घरी मैथिली बॅग भरत होती. म्हटलं, दिवाळीला आलीस की नक्की. म्हणाली, दिवाळीनंतर लगेच सबमिशन्स असतात, बघू. जरा वेळ तिच्या दारात उभा राहिलो. विशेष काही नाही, पाणी प्यायला उठलो होतो.

बुधवार, ६ ऑगस्ट
विमान वेळेवर. मी रडलो नाही. एअरपोर्टचा एसी डोळ्यांवर येतो.

गुरुवार, ७ ऑगस्ट
उरलेलं शिसं परत करायला गेलो. बाबामियाँनी बसवून घेतलं. म्हणाले, पोर दर गुरुवारी बांधावर दोन रॉड लावायची. एक आपला, एक बाबाचा. माझ्या दुकानातून खुर्ची नेऊन ठेवायची, बाबा ऑफिसातून येईल म्हणायची. शेरी तिने सात-आठ तरी काढल्या असतील.
सगळ्या मी खाल्ल्या. आणि दर शुक्रवारी तिच्या तोंडावर विकतची म्हणालो.
बांध दुकानापासून चाळीस पावलांवर आहे. मोजली. माझ्या शीटमध्ये त्या जागेपुढे शेरा: अयोग्य, गर्दी.
घरी येऊन कोर्स उघडला. धडा नववा: उन्हाळ्यात संध्याकाळी मासा काठाजवळ शोधा. ही गोष्ट नवव्या धड्यापर्यंत लपवून ठेवण्याचं कारण काय? टोपीवाल्याला सविस्तर मेल लिहिणार आहे.
मेल लिहिला नाही. फार वाईट वाटतंय.

गुरुवार, १४ ऑगस्ट
ऊन उतरल्यावर बांधावर गेलो. शुभदा येते म्हणत होती, तिला म्हटलं आज एकट्याला जाऊ दे. जुना रॉड आणि गुलाबी रॉड, दोन्ही लावले. बाबामियाँनी न मागता दोन खुर्च्या आणून ठेवल्या. एकीवर मी बसलो.
तासाभराने ओढ लागली. गुलाबीला. शेरी. माझ्या तळहातापेक्षा लहान. फोटो काढून मैथिलीला पाठवला, खाली लिहिलं, लोकेट केला.
लगेच उत्तर आलं. बाबा, खूप छोटा आहे. सोड त्याला.
सोडला. मी सोडणारच होतो.