मानाची खाट

भोर, ता. २० फेब्रुवारी १९३८

मेहुणे राजश्री गेनबा यांस,
सावळारामाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुमच्या आईंचा गुडघा आता वळतो का? सारजाबाईंची दाढ काढली, की अजून लवंगेवरच भागवताय? बाजीची खरूज वाळली का? आणि तुमचा तो बसऱ्याच्या लढाईत अधू झालेला पाय थंडीत कुरकुरतो, की गप्प आहे? एकेकाचं वेगवेगळं कळवा. सगळे सुखरूप म्हणून एका ओळीत उरकू नका.

आमचं म्हणाल, तर तुमची बहीण इथं भोरच्या दवाखान्यात आहे. दचकू नका, आधी पुढचं वाचा. आमच्या हिर्डोशीकडं तापाची साथ पसरलीय. म्हातारी माणसं म्हणतात, वीस वर्षांमागं मानमोडी आली होती ती थोरली, ही तिची धाकटी बहीण. बनाला ताप, खोकला नि छातीत कळ. छकड्यात पेंढा अंथरून आणली. घरी सून चंद्राबाई गुरांचं बघते. डाक्टर म्हणाले, बरं केलंत आणलंत ते.

दुखणं एकीकडं नि माझ्या पोटातली आग एकीकडं. आता हसू नका. इथं एका लांब खोलीत खाटांच्या दोन रांगा आहेत, आणि डाक्टरांच्या टेबलासमोर खिडकीत एकच खाट आहे, एकटी, ऐसपैस, उजेडाची. त्या खाटेवर कोण असेल? फुलाबाई! आमच्या भाऊबंद मानसिंगाची बायको. होळीला पहिली पोळी त्यांच्या घरची की आमच्या, हा तंटा माझ्या आज्यापासून चाललाय, तुम्हाला ठाऊक आहे. म्हटलं, निदान दवाखान्यात तरी मान मागं राहील, तर तो आमच्या आधीच इथं येऊन बसलेला!

डाक्टर टेबलावरून उठले की आधी तिच्याकडं. हातात घड्याळ धरून तिची छाती वरखाली होते ती बघतात, नखं बघतात, ओठ बघतात. उशाशी दाई कायमची. आमची बना मागल्या रांगेत भिंतीकडं. तिच्याकडं सकाळ-संध्याकाळ काय ती फेरी. बनानंसुद्धा कण्हत कण्हत विचारलं, की फुलाबाईला खिडकी नि मला भिंत, ती का?

आणि त्या खाटेला गुणही आहे. आधी तिथं पठारावरचा सोनबा धनगर होता. मी कंपाउंडरला विचारलं, तर म्हणाला, सोनबा गेला. एवढी सेवा झाल्यावर माणूस आठवड्यात उठून घरी जाईल नाही तर काय!

काल राहवेना, म्हणून मानसिंगाला टोमणा मारला, की इथंही मानाची खाट बळकावलीत का? त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, की दादा, घ्या की, आत्ता घ्या, मी आनंदानं देतो. बघा कशी मिजास! कुत्र्यापुढं भाकरी टाकावी तसं बोलला.

असो. मन मोकळं करायला तुमच्याशिवाय कोण आहे? लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नका.

तुमचा,
सावळाराम


पानशेत, ता. २४ फेब्रुवारी १९३८

तीर्थस्वरूप दाजी यांस,
गेनबाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आईचा गुडघा वळतो, पण जीभ त्याहून जास्त वळते. सारजाची दाढ निघाली. बाजी खाजवायचा थांबला. पाय गप्प आहे, पण वेल्ह्याचा चढ दाखवला की रडतो, म्हणून मी येऊ शकत नाही हे मनाला फार लागलं.

दाजी, तुम्ही माणूस सोन्यासारखे, पण मानसिंगाचं नाव निघालं की तुमची ओली लाकडंसुद्धा पेटतात. आईला पत्र वाचून दाखवलं, तर ती पदर तोंडाला लावून हसली, आणि मग तिचंच डोकं फिरलं. म्हणाली, माझ्या लेकीला भिंत आणि त्या फुलीला खिडकी? आमच्या घराण्यात काय उणं आहे? मला खडसावून लिहायला सांगितलं, की दाजींनी तोंड उघडावं. न मागता आईसुद्धा वाढत नाही. तेव्हा डाक्टरांना जाऊन सांगा, की आम्हीही होळीच्या मानाची माणसं आहोत. तुम्ही गप्प बसलात, तर आई स्वतः काठी टेकत येईल म्हणते.

बनाला सांगा, तुझ्या वाटणीचा हरभरा सोलून ठेवलाय. खोकला कमी झाला का ते खरं लिहा. आम्ही सगळे वाटेकडं डोळे लावून आहोत, तेवढी आठवण असू द्या.

आपला आज्ञाधारक,
गेनबा


भोर, ता. २८ फेब्रुवारी १९३८

मेहुणे राजश्री गेनबा यांस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

आधी आईंना गूळ द्या, मग पत्र वाचा. मिळाली! बनाला खिडकीची खाट मिळाली!

तुमचं पत्र आलं तसा मी पागोटं नीट करून डाक्टरांपुढं उभा राहिलो. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, की तुमची पाळी आलेली नाही, देव करो नि न येवो. मी म्हटलं, साहेब, पाळी म्हणाल तर आमची पिढ्यान् पिढ्यांची आहे. ते पाठीवर थोपटून निघून गेले. मला वाटलं, फुकट गेलं सगळं.

पण बोललेलं वाया जात नाही. परवा फुलाबाईला उचलून मागल्या रांगेत नेली. आणि काल सकाळी दोघांनी बनाची खाट धरली ती थेट खिडकीत! आता डाक्टर उठले की आधी तिच्याकडं. घड्याळ काढतात, छातीकडं बघतात, बोटं दाबून नखं बघतात. दाई उशाशी, चमच्यानं दूध. मी बनाच्या कानाशी जाऊन सांगितलं, की बघ, शेवटी तुलाच मान मिळाला. तिला दम लागलाय, फार बोलवत नाही, पण हसली. रात्री थोडं बरळत होती, माहेरच्या विहिरीचं काहीतरी. ताप आहे, असायचंच. आता हयगय नाही म्हटल्यावर उतरेल.

मी कंपाउंडरापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना गूळ वाटला. कुणी घेतला, कुणी नुसतंच बघत राहिलं.

मानसिंगाचं मात्र नवल वाटतं. मला वाटलं, फुलाबाईचा मान गेला म्हणून फणफणेल. तर त्यानं स्वतःची घोंगडी आणून माझ्या खांद्यावर टाकली आणि शेजारी बसला. गूळ दिला, तो मुठीत धरून ठेवला, खाल्ला नाही. घरी जा म्हटलं, तर म्हणतो, फुलीला बरं आहे, मी तुमच्याजवळ थांबतो. हरलेला माणूस असा गोड होतो बघा!

तुमचा लोभ असा खिडकीतल्या उजेडासारखा असू द्या.

तुमचा,
सावळाराम


पानशेत, ता. ३ मार्च १९३८

तीर्थस्वरूप दाजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र टपालात टाकत नाही, भोरला निघालेल्या गाडीवानाच्या हाती देतो. खाली बसून वाचा.

आज इथं एक धनगर घोंगड्या विकायला आला. त्याचं डोकं भादरलेलं. विचारलं तर म्हणाला, थोरला भाऊ भोरच्या दवाखान्यात वारला, सोनबा त्याचं नाव. दाजी, सोनबा गेला तो घरी गेला नाही.

मग मी खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, ज्याचा श्वास फार जलद होतो, नखं निळी पडतात, जो बरळायला लागतो, त्याला डाक्टर आपल्या डोळ्यांसमोर खिडकीत घेतात. ती मानाची खाट नव्हे. सगळ्यांत जास्त धोका ज्याला, त्याची खाट.

आईला सांगितलेलं नाही. ती गूळ खाऊन देवाला हळद वाहून बसलीय. मीच तुम्हाला चढवून दिलं, आता काय लिहू? तुमचं पत्र येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. माझ्या बहिणीच्या पायाशी बसून राहा.

गेनबा


भोर, ता. १२ मार्च १९३८

मेहुणे राजश्री गेनबा यांस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पहिलं वाक्य हेच, की बना आहे. आता आरामात वाचा.

तुमचं पत्र मी दवाखान्याच्या ओट्यावर वाचलं आणि आत धावलो. मानसिंगानं धरलं. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी म्हटलं, मला सांगितलं का न्हाई? तो म्हणाला, दादा, तुम्ही गूळ वाटत होता, त्या तोंडावर काय सांगू?

तसाच डाक्टरांकडं गेलो. विचारलं, की साहेब, श्वास नि नखं बघून कोण जाणार ते तुम्हाला कळतं का? ते म्हणाले, कोण जाणार ते मला कळत नाही, कुणाकडं आधी धावायचं तेवढं कळतं. सोनबाकडं धावलो, पोचलो नाही, फुलाबाईकडं पोचलो. तुमच्या बायकोकडं धावतोच आहे. मी खाली वाकून त्यांचे पाय धरले, तर रागावले आणि म्हणाले, पाय सोडा, मला तिकडं जायचंय.

मग मी खिडकीजवळ बसून मागल्या रांगेकडं बघत राहिलो. गेनबा, आयुष्यात मानसिंगाचाही एवढा हेवा केला नाही, जेवढा त्या रांगेचा केला. एक बाई पेज पातळ झाली म्हणून सुनेशी भांडत होती. मला वाटलं, किती भाग्याची! भांडायला तिच्या छातीत वारा आहे. माझी बना दोन शब्दांमध्ये चार वेळा थांबत होती.

हळूहळू तिचा दम बसला. नखांवर लाली आली. पेज मागितली, मग मीठ कमी म्हणाली. मंगळवारी दोघांनी तिची खाट उचलून मागल्या रांगेत भिंतीकडं नेली आणि मी लहान पोरासारखा रडलो.

आता खरी गंमत ऐका. बना रुसली! म्हणते, मी काय केलं म्हणून मला मागं टाकलं? माझा मान कुणाला दिला? मीच तिच्या कानात मान घातलेला, आता काढू कसा? तिला खरं सांगितलं तर भीतीनंच पुन्हा ताप भरेल. म्हटलं, नियमच आहे, मान सगळ्यांना वाटून द्यावा लागतो. त्यावर म्हणाली, असू दे, पण फुलाबाईपेक्षा माझे दिवस जास्त झाले की न्हाई?

काल फुलाबाई, आता हिंडती-फिरती, तिला भेटायला आली होती. बनानं तेच तिला ऐकवलं, जरा नाक वर करून. मी घामाघूम झालो. फुलाबाईला सगळं ठाऊक आहे. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, बनाचा हात हातात घेतला आणि म्हणाली, व्हय अक्का, तुमचा मान मोठा.

उद्या हिर्डोशीला निघतो. होळी तोंडावर आलीय. मानसिंगाची घोंगडी अजून माझ्या खांद्यावर आहे, तरी पहिल्या पोळीचा तंटा काही मिटलेला नाही. कालच त्यानं विषय काढला आणि मीही सोडला नाही.

तुमच्या पायाला आमच्याकडं यायला जमत नाही, पण पत्र येत राहू द्या. उत्तर हिर्डोशीला लवकर धाडा. तुमचं पत्र बना माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेते आणि एक ओळ गाळली तरी माझ्या तोंडावरून ओळखते. तेव्हा खाटेचं लिहाल, तर फुलाबाई म्हणाली तेवढंच लिहा.

तुमचा,
सावळाराम