पायरीवर मांडलेलं स्टील

आबा, तुमचं चुकलंच होतं. तुम्ही ज्या वयात गेलात त्याच्या पुढे मी आता आले, तरी माझं मत तसूभर बदललेलं नाही. पनवेलच्या बाजारात आपलं दुकान तांब्या-पितळेचं, आणि स्टीलचं नाव काढलं की तुमच्या कपाळाला आठी. "ज्याला मोड नाही ते भांडं कसलं?" हा तुमचा ठरलेला सवाल. फुटका हंडासुद्धा मोडीत घातला की अडीनडीला बाईच्या उपयोगी पडतो, हे खरं. पण फुटेपर्यंत तो घासायचा कोणी, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. चिंच आणि राख लावून लावून आईची बोटं फुटलेली असायची. कल्हई उडालेल्या पातेल्यात आमटी कळकली की बोलणीही तिनंच खायची. नवरा गेल्यावर मी माहेरी आले आणि तो भांड्यांचा ढीग माझ्या वाट्याला आला. लेकीला मन रमवायला दुकानात बसवली, असं तुम्ही लोकांना सांगायचात. मन कसलं रमवतेय, मी त्या मोरीतून पळून आले होते.

साठ सालानंतरची गोष्ट. मुंबईच्या एका कंपनीचा माणूस नमुन्याचं पातेलं ठेवून गेला. जाड बूड, वळलेला काठ, हात फिरवावा असं काम. आपल्या घरी कल्हईशिवाय भांडं चुलीवर चढत नसे, म्हणून तुम्ही ते सरळ कल्हईवाल्या चाचांकडे घेऊन गेलात. मी शेजारी उभी आहे, भाता चाललाय, नवसागराचा धूर डोळ्यांत जातोय आणि कथील पातेल्यात नुसतं गोळ्या होऊन पळतंय. चाचा म्हणाले, "शेठ, याच्यावर कलई बसतच नाय. याला जरूरतच नाय कलईची." तुम्ही पहिलं वाक्य तेवढं ऐकलंत आणि बाजारभर सांगत सुटलात, "कल्हईसुद्धा धरत नाही, लक्षण बघा!" मला अजून हसू येतं. तापून निळंकाळं पडलेलं ते पातेलं मी घासून घेतलं आणि त्यात चिंचेचं सार केलं. तुम्ही दोनदा मागून घेतलंत. कशात केलंय ते सांगितल्यावर मात्र वाटी अर्धी टाकून उठलात.

त्याच वर्षी उन्हाळ्यात मिठागरावरच्या बायका लग्नाची भांडी घ्यायला आल्या. त्यांतली म्हातारी म्हणाली, "शेट, पितल नको. खाऱ्या वाऱ्यानं काला परतं. आमी दिसभर मिठागरान, घासाला वेल कोनाला हाय? तां स्टील दावा." तुम्ही म्हणालात, "स्टील आम्ही ठेवत नाही." आणि मी गादीमागून म्हणाले, "ठेवू. पुढच्या बाजाराला या." तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती. मी मुंबईला गेले, एकेक भांडं उजेडात फिरवून, बूड दाबून निवडलं. पत्र्यासारखं होतं ते कंपनीवाल्याच्या तोंडावर परत केलं. माल आला तेव्हा तुम्ही दारात आडवे उभे राहिलात. "हे उंबऱ्याच्या आत येणार नाही." बरं, म्हटलं, आणि बाहेर पायरीवर चटई अंथरली. आत तुम्ही आणि तुमचं पितळ, बाहेर मी आणि माझं स्टील. सगळा बाजार बघत होता. मला लाज वाटली नाही, आबा. त्या बायकांनी चटई रिकामी केली.

रात्री जेवताना तुम्ही एवढंच बोललात, "माझ्या डोळ्यांदेखत नाही. मी गेल्यावर काय ते कर." मी चटई गुंडाळून ठेवली. आणि दिवाळीच्या आत तुम्ही गेलातसुद्धा. सुतक फिटल्यावर मी फळ्या रिकाम्या केल्या आणि स्टील आत आणलं. कोणी अडवलं नाही. दारातून टोपल्या सरळ आत गेल्या. आज मोठमोठ्या कंपन्यांची माणसं माझ्यापुढे भांडी उघडून बसतात आणि लोक म्हणतात, पोरीनं बापाला हरवलं. काय डोंबलाचं हरवलं! तुम्ही गेल्यावर कर म्हणालात, मी तुम्ही गेल्यावर केलं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी तुमच्या शब्दाबाहेर न जाता केली, आणि तीच मला अजून सलते. हे कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहिते: मला ते तुमच्या डोळ्यांदेखतच करायचं होतं.