पांढऱ्या लोकरीतले तपकिरी केस

इलारियो, लेका,

पांढरे अल्पाका आधी कातरायचे, तपकिरी मागून, हे शंभरदा सांगितलं! तू तपकिरी आधी घेतलेस, मग त्याच चादरीवर पांढरे. आता पांढऱ्या लोकरीत तपकिरी केसच केस! लोकर घ्यायला आलेल्या व्यापारीणबाईंना म्हटलं, "ही डोंगरदेवाच्या कळपाची खूण." त्या म्हणाल्या, "मग काका, देवालाच दुपारपर्यंत केस वेचायला बसवा. नाहीतर सगळी लोकर रंगीत म्हणून कमी भावात घेईन." म्हणजे वर्षाची मेहनत मातीमोल!

बेनिता आत्याला आणायला वर गेलोय, तिची नजर घारीची आहे. तू वेचायला बस. सुक्या बटाट्यांचं कालवण चुलीवर आहे.

आणि आईसमोर चादरीचं नाव काढू नकोस. तपकिरी झाल्यावर चादर झटकायचं काम तिनं माझ्याकडे दिलं होतं. मी कोल्ह्याची गोष्ट सांगत बसलो.

— बाबा