मनूच्या ल्यूटच्या आठ दोऱ्या

प्रिय मनू,

काल तुझं वर्षश्राद्ध झालं आणि कालच मी तुझ्या ल्यूटचा, त्या जुन्या युरोपी तंतुवाद्याचा, घात केला. अभय मला एका शब्दाने रागावला नाही. जावई रागावत नाही, म्हणून लेकीला लिहितो आहे. तू तरी रागव!

तुझ्या फोटोपाशी ती ठेवायची होती गं. परवा खोक्यातून काढून पुसायला घेतली. अर्ध्या पेरूसारखं पोट, मागे दुमडलेलं मानेचं टोक, आणि त्या मानेला गाठी मारून बांधलेल्या आठ मळकट दोऱ्या, टोकं जाळलेली. मला लहानपणापासून ठाऊक ती सतार. तिच्यावर सुरांसाठी दोऱ्यांनी बांधलेल्या पितळेच्या पट्ट्या असतात. वाटलं, पट्ट्या तू काढून ठेवल्यास आणि या नुसत्या दोऱ्या उरल्या. नखं कापायच्या कात्रीने एकेक कापली. किती निगुतीने! काल सकाळी इथल्या जपानी रीतीप्रमाणे जळाऊ कचऱ्याच्या पिशवीत घालून खाली ठेवून आलो. कावळ्यांनी फाडू नये म्हणून वर जाळीसुद्धा नीट पांघरली.

दहा वाजता पाटावर बसता बसता अभय थबकला. "बाबा, मानेवरच्या दोऱ्या?"

"जुन्या झाल्या होत्या रे. नव्या आणू."

त्याने ल्यूट मांडीवर घेतली. "अहो, त्याच सुरांच्या जागा होत्या. कानाने ऐकून, सरकवून सरकवून वर्षभर बसवल्या होत्या तिने. तिच्या त्या माणसाच्या काळचे सूर."

मी उलटसुलट चपला घालून धावलो. जाळी घडी करून ठेवलेली. कचऱ्याची गाडी केव्हाच गेली होती.

तुझा तो माणूस! साडेचारशे वर्षांपूर्वीचा ल्यूटवादक. हंगेरी, पोलंड, फ्रान्स, व्हिएन्ना; एका राजाची मर्जी उडाली की ल्यूट घेऊन दुसऱ्याच्या दरबारी. मी फोनवर म्हणालो होतो, "राजांची करमणूक करणाऱ्याचं चरित्र लिहायला थेट जपानातलं सेंदाई गाठलंस?" तू हसलीस. "तुम्ही नाही का बाबा, चाळीस वर्षं सातवी-ब ची करमणूक केलीत?"

तो प्लेगमध्ये गेला आणि त्याची हस्तलिखितं जाळली, हे मात्र तू मला दोनदा सांगितलंस. आणि मी काय केलं? प्लेगचं निमित्तही नसताना तुझे सूर जाळायला दिले.

आठवतं, मेंढीच्या आतड्याची तार म्हणालीस तेव्हा मी केवढा दचकलो? "देवघरापाशी आणू नकोस ते!" तू मुकाट्याने स्वयंपाकघरात जाऊन वाजवलंस. पुढे मी इथे आलो की ती खोक्यातच असायची. का ऐकलंस माझं? एकदा तरी भांडायचंस ना! भांडली असतीस, तर निदान दोरी म्हणजे काय हे मला कळलं असतं.

नव्या दोऱ्या कोबेच्या एका कारागिराकडे मिळतात म्हणे. पण बांधायच्या कुठे? तांदळाच्या दाण्याएवढी इकडे की तिकडे? तो दाणा फक्त तुला माहीत होता. तू पाठवायचीस ती रेकॉर्डिंग्ज फोन भरला म्हणून मी पुसून टाकली. न ऐकता, मनू.

अभयच्या फोनमध्ये एकच उरलंय. दोन मिनिटांचं, त्या स्वयंपाकघरातल्या दिवशीचं. त्यात मी शाळेतली कविता चालीवर म्हणतो आहे, खड्या आवाजात, आणि खाली कुठेतरी तू वाजवते आहेस. मध्येच तू म्हणतेस, "बाबा, थांबा ना जरा. हा सूर ऐका." आणि मी? पुढचं कडवं!

कालपासून कितीदा ऐकलं. कानातलं यंत्र काढून ऐकलं, घालून ऐकलं. माझाच आवाज. वर्गभर, घरभर, जन्मभर माझाच! तुझे सूर ऐकू येतात ते फक्त मी श्वास घ्यायला थांबतो तेवढेच.

तेवढ्यांवरून अभय जागा शोधणार आहे. तीन सापडतील, फार तर चार. बाकीची मान मोकळी राहील. अंदाजाने मी कुणाला बांधू देणार नाही. आणि तुला वचन देतो, तो शोधत असेल तोवर या घरात मी एकही ओळ म्हणणार नाही. ओठांवर आली तरी गिळीन.

थांबा म्हणाली होतीस ना? थांबलो गं. वाजव.

तुझे,
बाबा