मार्गितनेनीचं निळं भांडं

१ जुलै
व्हिसा नाही. नकार पण नाही, अपॉइंटमेंटच मिळाली नाही. समर प्रोग्रॅमचं नाव ‘कम्युनिकेशन आणि हंगेरियन संस्कृती’. उद्या अख्खा वर्ग बुडापेस्टला आणि मी कार्डिफमध्येच. बाकीच्यांचे पासपोर्ट नुसते दाखवले की झालं. ट्यूटर हेलन म्हणाली, तुझी सोय इथेच केलीय. इथल्याच स्प्लॉट भागात एक हंगेरियन आजी आहेत, दर गुरुवारी जायचं, गप्पा मारायच्या, रिपोर्ट लिहायचा. “सेम एक्स्पीरियन्स, रिअली.” हो तर, अगदी सेम.
आईला फोन. तिची वेगळीच पंचाईत: पिंपरीत सगळ्यांना सांगून बसले, आता काय सांगू?

२ जुलै
सकाळी वर्गाची बस गेली. मी हात हलवायला खाली उतरले, कशाला उतरले काय माहीत. फ्लॅटमध्ये सगळ्या खोल्या बंद. फ्रिजमध्ये नावं लिहिलेली दुधं, माणसं नाहीत. दिवसभरात एकदाच तोंड उघडलं, दुकानातल्या बिलाच्या मशीनपुढे. तेही शिवी घालायला.

३ जुलै, गुरुवार
मार्गित. ऐंशीच्या पुढची, कमरेत वाकलेली, नजर मात्र तपासणीला आलेल्या साहेबाची. दारातच माझ्या बुटांकडे पाहिलं आणि घरात घालायच्या स्लिपर्स पुढे केल्या. या देशात आल्यापासून बूट काढून आत गेले असं हे पहिलं घर. मिसेस म्हणायला लागले तर म्हणाली, नेनी म्हण. नेनी म्हणजे काकू, नावामागे लावायचं. मार्गितनेनी. आपल्यासारखंच की.
छप्पन सालच्या उठावानंतर, शाळकरी असताना, आईबरोबर देश सोडून निघाली. आता नवरा नाही, मुलगा ऑस्ट्रेलियात. आंबट चेरीचं गार सूप वाढलं, आपल्या आमसुलाच्या साराची गोड बहीण. सवयीने नको नको म्हटलं, तिने ऐकलंच नाही, वाढून मोकळी. बाकी इथे एकदा नको म्हटलं की लोक खरंच वाढत नाहीत, किती वेळा उपाशी उठलेय. निघताना म्हणाली, “नेक्स्ट थर्सडे.” विचारलं नाही, बजावलं.

६ जुलै
बेसिंगस्टोकच्या आत्याला फोन केला. “अगं ये ना कधीपण.” म्हटलं, पुढच्या वीकेंडला येऊ? मग तिला एकदम आठवलं, काकांच्या ऑफिसचे लोक येणारेत. बरं.
वर्गाच्या ग्रुपवर डॅन्यूब नदीचे फोटो. सकाळी डॅन्यूब, संध्याकाळी डॅन्यूब. म्यूट केलं. मग परत काढलं, न जाणो कुणी माझ्याबद्दल विचारलं तर. कुणी नाही.

१० जुलै, गुरुवार
आषाढी पौर्णिमा. आई विहारात, व्हिडिओवर खिरीचं पातेलं दाखवलं. मी स्क्रीनकडे बघत टोस्ट खाल्ला.
मा.ने.कडे दुपार कशी गेली कळलं नाही. पोगाचा केल्या. खाऱ्या, चीज घातलेल्या, जाड बिस्किटासारख्या, वर सुरीने चौकटी पाडायच्या. पीठ मी मळलं. म्हणाली, हात चांगला आहे, कुणी शिकवलं? आईने, म्हटलं, आणि डोळे भरून आले. तिने पाहिलं. आणखी पीठ माझ्यापुढे सरकवलं.
निघताना निळ्या एनॅमलच्या भांड्यात भरून दिल्या. पांढरे ठिपके, कडेला टवका उडालेला. तिच्या आईचं, तिकडून आणलेलं. “गुरुवारी परत आण. मला लागणार आहे.”

१४ जुलै
पोगाचा संपल्या. जपून खाल्ल्या, तरी संपल्या. भांडं घासून ठेवलं.
आई म्हणाली, “रिकामं नको हं नेऊस. काही नाही तर चिमूटभर साखर घाल.” साखर बघून म्हातारी म्हणेल, पोरीला वेड लागलं. बेसनाचे लाडू करते. पिंपरीत शेजारच्या काकूंचं भांडं आमच्याकडे पंधरा पंधरा दिवस पडून असायचं, काहीतरी खास होईपर्यंत. त्याला कुणी उशीर म्हणायचं नाही. भांडं आपल्याकडे आहे म्हणजे येणंजाणं चालू आहे.

१६ जुलै
सिटी रोडवरून बेसन, तूप आणलं. भाजायला घेतलं आणि स्मोक अलार्म. सगळी बिल्डिंग खाली. वॉर्डन म्हणतो, “व्हॉट आर यू बर्निंग, लव्ह?” बेसनाचा कोळसा. उद्या गुरुवार.

१७ जुलै, गुरुवार
गेले नाही. रिकामं भांडं घेऊन कुठल्या तोंडाने जाऊ? फोन करावा तर तिला फोनवर ऐकू येत नाही, नुसतं हॅलो हॅलो करत राहते. चार दिवस इकडे तिकडे झाले तर काय बिघडतंय.
दुपारभर मात्र कशात लक्ष नाही.

२० जुलै, रविवार
जमले लाडू. खिडकी उघडी, आच मंद, ढवळत उभी राहिले. एक खाल्ला. लाडू ही एकटीने खायची वस्तूच नाही, कुणीतरी समोर ‘वा’ म्हणायला लागतं. निळं भांडं गच्च भरलं. उरलेले माझ्या स्टीलच्या डब्यात, तोही तिलाच. गुरुवारपर्यंत दम निघायचा नाही. उद्याच जाते.

२१ जुलै
दार उघडलं, पण साखळी लावूनच.
“काल माझा नावाचा दिवस होता.”
हंगेरीत प्रत्येक नावाला कॅलेंडरात एक दिवस असतो, वाढदिवसापेक्षा मोठा मानतात. हेलनने शिकवलं होतं, मी नोट्स काढल्या होत्या. मार्गितचा कधी, ते बघायचं सुचलं नाही. कोर्सचं नाव काय, तर कम्युनिकेशन.
म्हणाली, “त्या दिवशीच्या पोगाचा आई त्याच भांड्यात ठेवायची. मीही ठेवते. गुरुवारी तुला सांगणार होते, रविवारी ये म्हणून. आली नाहीस. तरी दोन ताटं मांडली. मग समजले, या मुलीला आता यायचं नाही.”
मी सांगितलं, आमच्यात रिकामं भांडं परत देत नाहीत, म्हणून थांबले.
“मी भांडं मागितलं होतं. बाकी काही नाही.”
साखळी काढली, भांडं घेतलं, डबाही घेतला, दार लावलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

२२ जुलै
हेलनचा ईमेल, कसं चाललंय? ‘ग्रेट’ लिहून पाठवलं. मग रडले, चांगली भोकाड पसरून. फ्लॅट रिकामा असल्याचा तेवढा फायदा. रिपोर्ट गेला खड्ड्यात. मला ते घर हवंय. या गावात मी आले नाही म्हणून कुणाचं ताट तसंच राहिलं, असं तेवढं एकच घर.

२३ जुलै
रिसेप्शनवर माझा डबा. मा.ने.चा शेजारी देऊन गेला म्हणे. घासून चकचकीत, कोरडा पुसलेला. आत काही नाही. चिठ्ठी नाही, निरोप नाही.
आईला सांगितलं. ती म्हणाली, “रिकामा पाठवला? मग राहू दे गं आता. नको जाऊस.”
पण मा.ने.च्या घरची रीत उलटी. ज्याचं भांडं त्याला लगेच द्यायचं, रिकामं, बाकी काही नाही. न देणारा माणूस येणार नाही असं ती धरते. मग देणारा? त्याला येणंजाणं हवंय? आईच्या घरचा अर्थ घेऊ की तिच्या? परीक्षेत आलं असतं तर दोन पानं लिहिली असती.

२४ जुलै, गुरुवार
स्प्लॉट. तिच्या दारासमोरच्या बुटक्या भिंतीवर बसून लिहितेय. निघताना दुकानापाशी पाय अडले, फुलं घेऊ, केक घेऊ. काही घेतलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या घरी असे मोकळे हात घेऊन आलेय. फार चुकल्यासारखं वाटतंय.
खिडकीतला पडदा हलला आत्ता. पाहिलंय तिने मला. दार काही उघडलं नाही. बेल मलाच वाजवायची आहे. बुटांच्या नाड्या आधीच सोडून ठेवल्यात. उठते आता.